आईसाठी केलेलं नाक
आमच्या आईचं नाक अख्ख्या गावात प्रसिद्ध होतं. गुऱ्हाळावरून कोण आलंय, दूध संध्याकाळपर्यंत टिकेल की नासेल, सगळं तिला वासावरून कळायचं. वडील फौजेतून सुटीवर आले की रमची बाटली कुठल्या पोत्यामागे दडवलीय, हे ती अंगणातूनच सांगायची. वडील हात जोडायचे, "हिला बॉर्डरवर न्या रं कुणीतरी!" ते दिवस आठवले की अजून हसू येतं, आणि लगेच जीव हळवा होतो.

पुढे मी सांगलीच्या कॉलेजात गॅस ओळखणारे सेन्सर बनवायला लागले. झिंक ऑक्साइडच्या तारा, केसापेक्षा कितीतरी बारीक. साध्या डोळ्यांना काचेवर नुसता पांढरट थर दिसतो. त्या तापवायच्या. गॅस लागला की त्यांच्यातून वाहणारी वीज बदलते आणि पडद्यावरचा आकडा चढतो. दारूची वाफ त्यांना फार पटकन कळायची. मी म्हणायचे, आईवर गेल्यात.

मग साथीत आईला ताप आला. त्यात तिला वास येईनासा झाला. ताप गेला, पण वास काही परत आला नाही. वडील त्याआधीच वारले होते. कडेगावजवळच्या घरात ती एकटीच. एका दुपारी दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅस तसाच चालू, आणि आई शेजारी बसून निवांत डाळ निवडत होती. शेजारीण विरजण मागायला आली म्हणून वाचली. फौजेतल्या दादाने फोनवरून फर्मान काढलं, आईने सामान बांधून माझ्याकडे सांगलीच्या फ्लॅटवर यायचं.

"त्या खुराड्यात? मेले तरी न्हाई," आई म्हणाली.

शेवटी ठरलं की मी सेन्सरचा भोंगा करून द्यायचा. दिवाळीपर्यंत नीट चालला तर आई घरीच राहील, नाहीतर सांगली. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. म्हणून मी सेन्सर आणि भोंगा बसवलेली डबी सिलिंडरजवळ, जमिनीपासून वीतभर उंचीवर अडकवली आणि परत आले.

दिवाळीला जाऊन बघते तर डबी देव्हाऱ्यात! वर हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि वायर काढलेली.

"खंडेनवमीला पूजेला घेतली हुती," आई म्हणाली. "मग खाली ठेवायला हात धजंना. तुझी विद्या हाय ती. येता-जाता माझा पाय लागायचा."

"आणि वायर?"

"उदबत्ती लावली की लय वरडतीया. देवाम्होरं कलकल कशाला?"

माझं डोकंच फिरलं. दसऱ्यापासून शेगडी रोज पेटत होती आणि राखणदार देवाशेजारी झोपा काढत होता. "दादाला कळलं ना, तर उद्याच गाडी पाठवेल!" मी ओरडले. आईचा चेहरा उतरला. ती आतल्या खोलीत गेली.

मी वायर लावली, तारा तापेपर्यंत थांबले. आई बाहेर आली ती वडिलांचा फौजी स्वेटर घेऊन. तिने तो डबीजवळ धरला. डबीवरचा आकडा चढायला लागला.

"बघ, चढतुया," ती म्हणाली. "मी रोज ट्रंक उघडून नाकाला लावती. कायसुदिक येत न्हाई गं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तरी तिच्याशी खोटं बोलवेना. "आई, ते डांबरगोळ्यांनी चढलंय."

"मला म्हाईत हाय. गोळ्या मीच टाकल्यात." तिने स्वेटरची घडी घातली. "पर त्याला वास हाय, माझ्याच नाकाला येत न्हाई, एवढं तर कळलं. मला वाटलं, त्योबी पार कोरा झाला."

मी तिला जवळ घेतलं. मग तिने फूल काढलं, पदराने कुंकू पुसलं आणि डबी स्वतःच सिलिंडरजवळ खाली अडकवली.

"दादाला फोन लाव," ती म्हणाली. "सांग त्याला, पाय लागला तर पाया पडंल, पर आई हितंच ऱ्हाईल."