जावेसाठी आलेली गाडी

माझ्या धाकट्या जावेला दिवस गेले आणि आमच्या घरी सरकार यायला लागलं. खरं सांगते, मी जळले. जळले म्हणजे जळले, त्यात साखर घालून सांगण्यात काय हशील?

आमचं गाव केळापूर तालुक्यातलं. घरात सासू, दोघे भाऊ आणि आम्ही दोघी जावा. माझा नवरा पांढरकवड्याला कापसाच्या जिनिंगवर कामाला, दीर शेती पाहतो. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मांडी रिकामी, आणि ही कानामागून आली आणि तिखट झाली. तिच्यासाठी आशाताई यायची, उपकेंद्रातली नर्सबाई यायची, अंगणवाडीतून आहार यायचा. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या, वजन, बीपी. "पाय दाखव व माय, सुजले काय?" हे आशाताई इतक्या मायेनं विचारायची की मला वाटायचं, आपलेही पाय सुजावेत.

त्याच ओसरीवर, हातभर अंतरावर, मी पाळीच्या दिवसांत फडक्यात गुंडाळलेली गरम वीट पोटाशी धरून पडलेली असायची. आशाताई मला वळसा घालून तिच्याकडे जायची. एकदा न राहवून मी म्हटलं, "आशाताई, मलेबी एखादी गोळी दे ना."

"पाळीचंच हाये ना व? त्याच्यासाठी माह्या थैलीत काही नसते."

खोटं नव्हती बोलत बिचारी. तिच्या थैलीत होतं ते गरोदर बाईसाठी, बाळंतिणीसाठी, आणि लेकरू नको असलेल्या बाईसाठी. लेकरू हवं आहे, होत नाही, आणि दर महिन्याला जीव जातो, अशा बाईचा विचार करून ती थैली कुणी भरलीच नव्हती.

दुखणं माझं जुनं. शाळेत असताना एकदा वर्गातच ओकले होते, बाईंनी घरी पाठवलं. माय म्हणाली, "बाईच्या जातीले सोसाच लागते. लग्न झालं का राह्यते." लग्न झालं. मग सगळे म्हणाले, लेकरू झालं की राहील. लेकरू होईना. पाळी यायच्या आधीपासून कंबर मोडायची, संडासला बसलं की घाम फुटायचा, नवऱ्याजवळ जायची तर भीतीच वाटायची. ही शेवटची गोष्ट कुणाला सांगणार, बाप्पा? सासूच्या मते हे नखरे. शेजारीण तर तोंडावरच बोलली, "धाकटीले दिवस गेले अन् मोठीच्या पोटात दुखू लागलं." मला तिचा भयंकर राग आला. ती अर्धं खरं बोलली होती म्हणून जास्त आला.

त्याच सुमारास एका खाजगी डॉक्टरनं मला तपासल्यासारखं केलं आणि सांगून टाकलं, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. आमच्या भागात बायका गर्भाची पिशवी काढून घेतात ती दात काढावा तशी. सासूला पटलं. नवरा गप्प बसला, म्हणजे त्यालाही पटलं. ठरलं की यंदाचा कापूस घरात आला की माझं ऑपरेशन करायचं. एकाच घरात एका सुनेच्या पोटात बाळ वाढतंय आणि दुसरीचं गर्भाशय कापून फेकायचं! मला लेकरू हवं होतं. तेव्हाही हवं होतं, ऑपरेशन ठरल्यावरही हवं होतं. पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर म्हणाले असते, पाहा, कशी जावेवर जळते.

कापूस वेचणी सुरू झाली. वेचताना आम्ही कमरेला फडकं बांधतो आणि कापूस त्यात भरत जातो. फडकं भरत आलं की सगळ्या बाया गरोदर दिसतात, नातवंडं असलेल्या म्हाताऱ्यासुद्धा. त्यावरून वावरात चावट बोलणी चालतात. त्या दिवशीही कुणीतरी मला विचारलं, "कितवा महिना व तुले?" मी हसले, आणि हसता हसता अशी कळ आली की कापसाच्या पऱ्हाटीतच आडवी झाले. डोळ्यांपुढे अंधार.

सासू घाबरली. माझ्यासाठी ती घाबरलेली मी पहिल्यांदाच पाहिली. तिनं आशाताईला फोन लावला. "अव, माही सून पडली वावरात, लय दुखून राह्यलं तिले. लवकर गाडी बोलाव!" आशाताईच्या डोक्यात आमच्या घरची सून एकच. तिनं दवाखान्याच्या गाडीला कळवलं, डिलेव्हरीची केस आहे, थेट वावराकडे या.

गाडी आली. ड्रायव्हरनं माझं फुगलेलं पोट पाहिलं आणि "हळू, हळू, पोटाले धक्का नका लावू" करत मला आत झोपवलं. फडकं सोडायचं कुणाला सुचलंच नाही. मी अर्धवट शुद्धीत होते. सांगायला लाज वाटते, पण त्या मरणाच्या दुखण्यातही मला बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझं पोट जपत होतं.

तेवढ्यात धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, आशाताई पळत आली आणि तिच्या मागून सातव्या महिन्याचं पोट सांभाळत माझी जाऊ. आशाताई आधी जावेचं कार्ड घ्यायला आमच्या घरी गेली होती. तिथं तिची पेशंट चुलीपुढे बसून आरामात भाकर खात होती, तेव्हाच तिला घोळ कळला. गाडीत चढून तिनं माझ्या कमरेची गाठ सोडली, आणि कापूस सगळ्या गाडीत झाला.

"अव माय! हा तं कापूस हाये!"

बाया खो खो हसल्या. हसण्यासारखंच होतं ते. पण आशाताईनं हे पाळीचं दुखणं असल्याचं सांगितलं तसा ड्रायव्हर भडकला. "डिलेव्हरीची केस सांगतली ना तुमी? पाळीच्या दुखण्याले ही गाडी नाही चालत. उतरवा तिले." आशाताई सासूकडे पाहायला लागली, सासू तिच्याकडे. मग दोघींनी मला खाली घ्यायला हात घातला.

माझी जाऊ गाडीत चढली आणि माझ्या पायाशी फतकल मारून बसली. "मी हावो ना केस. माह्यं दुखून राह्यलं. चला."

"आता तं पायानं चालत आली तू!"

"आता दुखून राह्यलं म्हणते ना मी? वावरातच काही झालं तं तुमी करसान काय डिलेव्हरी?"

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. अशी मी जावेच्या पोटावर दवाखान्यात गेले. तिचे पाय धरायला हवे होते, पण मी दात आवळून पडले होते आणि डोक्यात एकच चालू होतं, हिचं पोट दिसलं की गाडीसुद्धा चालते.

दवाखान्यातही तेच. सगळे धावले ते तिच्याकडे. तिला खाटेवर झोपवलं, बाळाचे ठोके ऐकले. मी बाकड्यावर वाकून बसलेली, केसांत कापूस. नर्सनं मला लांबूनच विचारलं, "पाळीचंच ना?" आणि इंजेक्शन आणायला गेली. शेवटी जावेनं डॉक्टरीणबाईचा हात धरला. "मले काही नाही झालं, मॅडम. मी खोटी बोलली. आधी हिले पाहा, मंग मले जेवढं बोलाचं तेवढं बोला."

डॉक्टरीणबाई तरुण होती. वैतागतच माझ्याकडे आली, पण मग नीट विचारू लागली. पाळी नसतानाही दुखतं का? संडासला बसताना? नवऱ्याजवळ जाताना? मी तिच्या तोंडाकडे पाहतच राहिले. ही बाई काय आमच्या घरात लपून राहिली होती! तिनं दुखण्याचं नाव सांगितलं, एंडोमेट्रिओसिस. माझ्या जिभेला ते वळेना. म्हणाली, गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर भलत्या जागी वाढतं, आणि दर पाळीला तेही सुजतं, रक्त सोडतं. म्हणजे गाजरगवत, मी मनात म्हटलं. कुणी पेरत नाही तरी धुरा व्यापून बसतं. "पिशवी काढायची घाई करू नका," ती म्हणाली. "काढूनही दुखणं राहू शकतं. आधी यवतमाळला मोठ्या दवाखान्यात दाखवा."

दाखवलं. नवरा सोबत आला. त्यानं एवढं सगळं पहिल्यांदाच ऐकलं. तिथल्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं ऑपरेशन केलं, गाठी काढल्या, माझी पिशवी वाचली. पण पिशवीच्या नळ्या चिकटून गेल्या होत्या. लेकराचं काही सांगता येत नाही म्हणाले. "फार उशिरा आलात. शाळेत होतात तेव्हाच दाखवायला हवं होतं."

कुणाला दाखवायला हवं होतं? सरकार घरी येतं ते तान्ह्या लेकरासाठी, आणि मग एकदम गरोदर बाईसाठी. मधल्या वर्षांत पोरींना पॅड मिळतात, लोहाच्या गोळ्या मिळतात. पण दुखते का, किती दुखते, हे विचारायचं काम कुणालाच दिलेलं नाही. त्या मधल्या वर्षांतच माझ्या पोटात गाजरगवत माजलं. आशाताईला वरून एवढा एक प्रश्न नेमून दिला असता तर तिनं तो घरोघरी विचारला असता. कामचुकार नाही ती. दिलेलं काम करते, न दिलेलं करत नाही.

आता मी पाळी दाबून ठेवायच्या गोळ्या खाते. लेकरू नको असलेल्या बायांसाठी आशाताईच्या थैलीत असतात त्याच जातीच्या. तरी त्यासाठी मला एसटीनं यवतमाळ गाठावं लागतं. तिला मागितल्या तर म्हणे, "तुमाले लेकरूच नाही, तुमाले कशा देऊ? वरचे काय म्हणतील?" आता यावर माणसानं हसावं की डोकं आपटून घ्यावं?

जावेचे दिवस भरले. या वेळी गाडी खऱ्या कामाला आली. सोबत कोण, तर तिनं मलाच चल म्हटलं. पोरगी झाली. दुसऱ्या दिवशी तिचं वजन झालं, लस झाली, आशाताई येऊन नाक कोणासारखं यावर बोलून गेली. मग खाटेवर आम्ही दोघीच उरलो आणि पोरगी माझ्या मांडीवर.

"ताई," जाऊ म्हणाली, "हिले पाळी आली का मी दर खेपेले इचारीन, दुखते काय म्हणून. सोस म्हणणार नाही. दुखलं तं शाळा बुडवून यवतमाळले नेईन, कोणी काही म्हणो."

अगदी साधेपणानं बोलली, पदर सावरता सावरता. पोरगी मुठी आवळून झोपली होती. मी आजवर जावेवर जळले, तिच्या पोटावर जळले, तिच्या गोळ्यांवर, तिच्या गाडीवर. पण त्या एका दिवसाच्या पोट्टीवर जेवढी जळले, तेवढी कुणावरच जळले नव्हते.