रिकामा कॅमेरा

एकोणीसशे साठच्या सुमारास मी मालवणातल्या कॅमेरा क्लबात दाखल झालो. रोल महाग, म्हणून नवख्याने महिनाभर रिकाम्या कॅमेऱ्यानेच सराव करायचा, असा तिथला नियम. कॅमेरा रिकामा आहे, हे बंदरावर मासे विकणाऱ्या एका बाईपासून मी लपवलं. तिचं नावही कधी विचारलं नाही. ती रोज अबोलीची वेणी सारखी करून हसायची आणि मी गप्पा मारत खटका दाबायचो.

महिन्याने रोल भरून गेलो. खटका दाबला, त्याच क्षणी तिने पाठ फिरवली.

“आज रोल घातलंस मां रे? रोज गजाली करतस, आज श्वास धरलंस! खोट्याक मी हसलंय, खऱ्याक आधी इचारूक होया होता.”

मी मान खाली घालून परतलो.

क्लबात त्या पाठमोऱ्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. ही कल्पना कशी सुचली, असं अध्यक्षांनी विचारलं.

“बरेच दिवस मनात होती,” मी म्हणालो.