जालना ते राजूर पायी: नवस आईचा, कंबर माझी

नवस मी बोललोच नव्हतो. कमरेच्या ऑपरेशनच्या दिवशी मी आत बेशुद्ध होतो आणि बाहेर बाकावर बसून आईनं परस्पर राजूरच्या गणपतीला शब्द दिला: पोरगं पायावर उभं राहू दे, अंगारकीला जालन्याहून चालत आणते. हे मला कळलं तेव्हा मान डोलावण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. पुढे आठ महिने ऑफिसची सबब पुरवली. मग अंगारकी आली आणि सबबी संपल्या.

डॉक्टर म्हणाले होते, सपाट रस्त्यानं थांबत थांबत जा, पण पाय बधिर वाटला तर तिथंच थांबा. नाहीतर पायातली ताकद कायमची जाऊ शकते. हे शेवटचं वाक्य मी घरी सांगितलं नाही.

पहाटे पाचला निघालो: सहासष्ट वर्षांची आई अनवाणी, बायको वैशाली पाठीवर पिशवी घेऊन, आणि कमरेला पट्टा आवळलेला मी. जाणाऱ्यांसाठी सांगतो, अंतर साधारण पंचवीस किलोमीटर, भोकरदनकडे जाणारा डांबरी रस्ता. खाण्यापिण्याचा खर्च जवळपास शून्य; वाटेत मंडपांमध्ये चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी फुकट आणि आग्रहानं देतात. पण बूट घाला. मी चप्पल घातली, कारण बुटाची नाडी सोडायला वाकावं लागतं आणि देवळापाशी बायकोनं माझे बूट काढावेत याची मला लाज वाटत होती. असली लाज महागात पडते.

दर दहा मिनिटांनी मी चालता चालता डाव्या पायाचा अंगठा हलवून बघत होतो. हलला की पुढच्या वळणापर्यंत हायसं वाटायचं. आजूबाजूला कपाशीची रानं, मोरयाचा गजर, एका ट्रॅक्टरवर भलामोठा स्पीकर. मला दिसत होता फक्त अंगठा. पिरपिंपळगावच्या मंडपात खिचडी खाऊन गोळी घेतली. वाढणाऱ्या काकांनी पट्ट्याकडे बघून विचारलं, "साहेब, असं चालून राह्यले, घरच्यायनं येऊ देलं का?" मी आईकडे बोट दाखवलं. काकांनी माझ्या पानात आणखी खिचडी वाढली.

राजूर पाचेक किलोमीटरवर असताना मागून आईनं 'संदीप' अशी हाक मारली. वळून पाहिलं, तर तिच्या हातात माझी डावी चप्पल.

"कवा निसटली ही?"

मी पायाकडे पाहिलं. धूळ होती, तळव्याला खडा टोचून थोडं रक्तही आलं होतं. मला काहीच जाणवलं नव्हतं. अंगठा हलवायला गेलो, तो हलला नाही. डॉक्टरांचं ते राहिलेलं वाक्य मी तिथंच, रस्त्याच्या कडेला, सांगून टाकलं.

आई चिडेल असं वाटलं होतं. तिनं एक काळी-पिवळी थांबवली. मी म्हणालो, थोडंच राहिलंय, नवस अर्धवट राहील.

"नवस म्या बोलल्ते. तू चालावं म्हणून बोलल्ते. चाललास न्हाई का इथवर? आता बस गाडीत. उरलेलं माझं मी बघते."

वैशाली माझ्यासोबत बसली. आई गर्दीत चालू लागली.

राजूरला झाडाखाली पाठ टेकून पडलो. वैशालीनं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आडवे राहा, संध्याकाळपर्यंत फरक नाही पडला तर थेट दवाखान्यात या. तेवढं बोलणं झालं आणि गर्दीमुळे नेटवर्क गेलं. आईचा फोन लागेना. तिचे गुडघे झिजलेले, पोटात फक्त केळं, डोक्यावर ऊन. दोन तास मी माझा पाय विसरलो. ती आली तेव्हा लंगडत होती. दर्शनाची रांग लांबलचक. घाई असेल तर मुखदर्शन घ्या. मी तेच घेतलं. आईला वैशालीनं रांगेतून नेलं. परतताना एसटीत तिघंही झोपलो.

संध्याकाळी पायात थोडी जान आली, पण अंगठा मेलेलाच. डॉक्टर खूप बोलले, आणि बरोबरच बोलले. दोन दिवसांनी वैशालीनं सांगितलं की गाभाऱ्यात आईनं नवा नवस बोललाय: संदीपचा अंगठा बरा झाला की ओळीनं बारा चतुर्थ्या ती अनवाणी राजूरला चालत जाणार. एकटी. मी भांडलो. ती म्हणाली, देवाला दिलेला शब्द आहे, त्यात तू पडू नकोस.

तेव्हापासून रोज सकाळी चहा देताना ती विचारते, अंगठ्याला काही कळतं का?

गेल्या सोमवारी आंघोळीला बसलो आणि त्या अंगठ्याला कढत पाण्याचा चटका बसला. चांगला सणसणीत. दाराला कडी होती, तिथंच मी रडलो. मग अंग पुसून बाहेर आलो. आई चहा घेऊन उभी होती.

"अजून तसाच आहे गं," मी म्हणालो.