चिनी बोरांचा बोजारा

दिवस गेल्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याचा. रक्कम आपल्या हिशेबानं पाच हजार आठशे रुपये. हजर माणसं चार: मी, माझी बायको, तिची मोठी बहीण, म्हणजे माझी आकडसासू, आणि या दोघींचा धाकटा भाऊ. हा मेहुणा सिंगापूरला एसी दुरुस्तीच्या कामावर असतो. त्या दिवशी सकाळीच तो आमच्या सिंदी मेघेच्या घरी येऊन पोचला होता. त्यानं बॅग उघडली, चॉकलेटं आणि बामच्या बाटल्या बाजूला सारल्या आणि टेबलावर खाकी कागदाच्या सात जाडजूड पुड्या मांडल्या.

"ताई, हे तुयं औषध. चिनी. पाच हजार आठशे लागले, पण भाऊजींनी पैशाचं नाव काढायचं नाई."

मी नाव काढलंच. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बायकोला आषाढात नागीण झाली होती. फोड सुकले, खपल्या पडल्या, कातडी जवळजवळ पहिल्यासारखी झाली, पण दुखणं गेलं नाही. पाठीपासून डाव्या छातीखालपर्यंत चार बोटं रुंदीचा एक पट्टा सतत जळायचा. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नस दुखावली आहे, गोळ्या चालू ठेवा, वेळ लागेल. पण त्या पट्ट्याला कापड नुसतं घासलं तरी चटका बसायचा. त्यामुळे ब्लाऊज बंद झाला आणि माझे धुऊन धुऊन मऊ पडलेले जुने सदरे तिनं उलटे करून घालायला सुरुवात केली. दुसरी अडचण आणखी वाईट होती. हसलं की कळ निघायची. आणि माझी बायको म्हणजे बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हसू फुटणारी बाई. घरात विनोद करायची बंदी झाली. मला ती बंदी पाळायला काही त्रास झाला नाही. मी मुळातच विनोदी माणूस नाही. पण बायको म्हणायची, "तुमी गंभीर तोंड केलं का मले जास्त हसू येते."

पंधरवड्याच्या आत, पितृपक्ष लागायच्या आधी, मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. मुलगी नोकरीसाठी पुण्याला, ती आदल्या दिवशी येणार होती. हॉल ठरला होता, जेवण ठरलं होतं. बायकोचं मागणं एवढंच होतं की त्या दिवशी नीट साडी-ब्लाऊज घालून विहीणबाईंसमोर बसता यावं.

"नवऱ्याचा सदरा घालून ओटी भरू काय मी लोकांची?" असं ती रोज एकदा तरी विचारायची.

मेहुण्यानं ही सगळी हकीकत तिकडच्या एका चिनी औषधांच्या दुकानातल्या वैद्यबाईंना सांगितली होती. त्यांनी आधी जिभेचा फोटो मागवला. सकाळच्या उजेडात, काही न खाता. मी अंगणात बायकोसमोर मोबाईल धरून उभा राहिलो. "अजून बाहेर काढ," असं म्हटलं की ती हसायची, मग उशी बरगडीशी दाबून "आई गं" करायची, मग परत जीभ काढायची. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकू बराच वेळ एकच टॉवेल झटकत राहिल्या.

पुड्या आल्यावर मी पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "गोळ्या बंद करायच्या नाहीत. उद्या एक पुडी घेऊन या. आत काय काय आहे ते वेगवेगळं करून आणा, मग बघू."

एक पुडी असं त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या. पण एका पुडीवरून बाकीच्या सहांचा भरवसा कसा धरायचा? मी सातही उघडल्या. बैठकीत वर्तमानपत्र अंथरलं, स्टीलच्या ताटल्या मांडल्या आणि एकेक जिन्नस वेगळा केला. दालचिनीच्या काड्या. वाळलेल्या आल्याच्या चकत्या. ज्येष्ठमध. कुठल्याशा मुळीचे पिवळट लांब काप, दुसऱ्या एका मुळीचे पांढरे गोल काप. आणि सुरकुतलेली, तांबडी, अंगठ्याएवढी बोरं. प्रत्येक पुडीत पाच, एकूण पस्तीस.

आकडसासू देवळीहून साक्षगंधाच्या तयारीला आली होती. ती कमरेवर हात ठेवून हे सगळं पाहत होती.

"का रे," ती भावाला म्हणाली, "हे आणाले तू विमानात बसून गेलता? हे तं आमच्या देवळीच्या किराण्यात भेटते."

"बाई, त्याचं कॉम्बिनेशन असते."

"कॉम्बिनेशन! तीन वाट्या पाणी टाकायचं, एक वाटी उरवायचं, लोखंडाचं भांडं वापरायचं नाई. हेच ना? याले आमी काढा म्हणतो. फुकट पाजतो."

बायको उशी घेऊन आतल्या खोलीत निघून गेली. हसू येण्याच्या आधीच निघून जायची सवय तिनं लावून घेतली होती.

मला प्रत्येक जिन्नस तोलायचाही होता, पण बैठकीतल्या पंख्याच्या वाऱ्यानं वजनकाटा हलत होता, म्हणून मी मुळ्यांच्या ताटल्या घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बोरं मोजून झाली होती, ती बैठकीतच राहिली. मेहुणा अंघोळीला गेला. नेमकी तेव्हाच गल्लीतली पोरं आली. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून दारोदार फिरतात. दारी आलेल्या नंदीला ओवाळायचं आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवायचा. पैसे, खाऊ, जे असेल ते. रिकाम्या हातानं परत पाठवणं वाईट. इतर पोरं दुपारी मैदानावरची स्पर्धा झाल्यावर फिरतात, पण आमच्या गल्लीतल्यांना धीर नसतो.

मी वजनं लिहून बाहेर आलो तर ताटली रिकामी.

"बाई, इथली बोरं?"

"दिली ना बोजाऱ्यात. पोट्टे आलते आठ-दहा. चिल्लर कुठं ठेवता तुमी, भाऊजी, साऱ्या घरात एक रुपया नाई सापडला. चॉकलेट फ्रीजमंदी होते, मले वाटलं ते साक्षगंधाचे."

"बाई, ते औषध होतं!"

"औषध? मले वाटलं बाकीचं औषध आन् हे तोंड गोड कराचं."

मेहुणा टॉवेल गुंडाळून बाहेर आला. मला पहिली काळजी पोरांची. त्यांना काही होणार तर नाही? तो म्हणाला, "काई नाई होत, तिथं लोक चहात टाकून पेतात. बोरच हाय ते. पण भाऊजी, औषध अर्धवट झालं ना." आतून बायकोचा आवाज आला, "काय झालं वो? मले सांगू नका, पण काय झालं?"

मेहुणा आणि मी मैदानाकडे निघालो. पाऊस उघडला होता, चिखल होता, आणि देवळासमोर शंभरेक लाकडी बैल ओळीनं उभे होते. काही मांजराएवढे, काही वासराएवढे, चाकं लावलेले, शिंगांना बेगड चिकटवलेले. आमच्या गल्लीतली पोरं सापडली.

"ती लाल बोरं कुठं आहेत?"

"खाल्ली ना, काका."

"सगळी?"

"हो. गोड होती. अजून हाय काय?"

एकानं खिशातून तीन बिया काढून दाखवल्या. मी त्या घेतल्या. का घेतल्या ते आता सांगता येत नाही. मग दुसऱ्यानं ओळीच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथं सात-आठ वर्षांची एक पोरगी आपल्या बैलाजवळ पहारा करत उभी होती. बैल लहानसा, एक कान तुटलेला, पण त्याच्या गळ्यात आमच्या बोरांची माळ होती. तिनं स्वतःची खाल्ली नव्हती, इतरांकडूनही सात-आठ मिळवली होती आणि सुईदोऱ्यानं ओवली होती. तांबड्या बोरांमध्ये एकेक झेंडूचं फूल. मी लांबूनच मोजली. अकरा.

"बाळा, ही बोरं काकूच्या औषधाची आहेत. देतेस का?"

"नाई."

"मी तुला दहा रुपये देतो."

"नाई. नंबर झाल्यावर पाहू."

"आणि नंबर नाही आला तर?"

तिनं जरा विचार केला. "तं मी रागानं खाऊन टाकीन."

मेहुण्यानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मी आयुष्यात कधी कुणाच्या बाजूनं घोषणा दिलेली नाही, पण पुढचा अर्धा तास मी त्या एककानी बैलाच्या मागे उभा होतो. परीक्षक म्हणून आलेले एक गुरुजी माझ्या ओळखीचे निघाले. ते जवळ आले तेव्हा मी म्हणालो, "माळ बघा गुरुजी. असली माळ दुसऱ्या कुठल्याच बैलाला नाही." हे अक्षरशः खरं होतं.

गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नात काय तुमची?"

"नाही."

"मग बैल?"

"बैलही नाही. फक्त माळ आमची आहे."

गुरुजी वहीत काहीतरी लिहून पुढच्या बैलाकडे सरकले. पोरीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, कंपासपेटी. ती नाचली. मेहुणा नाचला. मीही चिखलात दोनदा उडी मारली असं मेहुणा सांगतो. मला एकच आठवते.

माळ मात्र ती हातात देईना. "बैलानं दिली पाहिजे," म्हणाली. म्हणून आम्ही गल्लीतून असे आलो: पुढं ती पोरगी, दोरीला बांधलेला बैल खडखडत, मागं मी तीन बिया मुठीत धरून, त्याच्या मागं मेहुणा कंपासपेटी डोक्यावर धरून. दारात आकडसासू ओवाळायचं ताट घेऊन तयार. आणि तिच्या मागं बायको, उलट्या सदऱ्यात, उशी धरून.

पोरीनं बैल उंबऱ्याशी लावला आणि माझ्याकडे बघून हुकूम सोडला, "काका, वाका. त्याच्या पाया पडा, मंग तो देते."

मी वाकलो.

आधी बायकोच्या नाकातून बारीक आवाज निघाला. मग ती हसली. उशी दाबून हसली, उशी सोडून हसली, भिंतीला टेकून खाली बसली. "आई गं, मेली मी, बंद करा," म्हणत डोळ्यांतून पाणी काढत ती हसत होती आणि मी काही करतच नव्हतो, नुसता वाकलेला होतो. आकडसासूचं निरांजन विझलं. सगळं शांत झाल्यावर बायकोनं बरगडीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "दुखलं. लय दुखलं. पण दोन महिने मी याच्याच भेवानं बसली होती काय?"

पोरीला चॉकलेटचा आख्खा डबा गेला. बोरं आमच्या हातात आली.

मेहुण्यानं तिकडच्या वैद्यबाईंना व्हिडिओ कॉल लावला. पांढरा कोट, बारीक केस, साठीच्या आसपास. तो मोडक्यातोडक्या भाषेत सांगत होता आणि अर्ध्यावरच त्या हसायला लागल्या. त्यांना बैल बघायचा होता. पोरीनं बैल मोबाईलसमोर धरला. वैद्यबाईंनी त्याला हात हलवून दाखवला. मग गंभीर होऊन बरंच काही बोलल्या.

"ते म्हणून राह्यली," मेहुण्यानं सांगितलं, "का बोर पोटाले बरं पडावं म्हणून अस्ते. रोज एक टाकली तरी चालते. पण तुमच्या डॉक्टरले विचारल्याबिगर घोट पण घ्यायचा नाई."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळ्या ताटल्या पाहिल्या आणि जिनसांची नावं मेहुण्याकडून मागवून घेतली. "मी हे लिहून देत नाही," त्या म्हणाल्या. "पण घेणारच असाल तर ज्येष्ठमध काढून टाका, त्यानं बीपी वाढू शकतो. रोज बीपी मोजा. गोळ्या तशाच चालू. काही वेगळं वाटलं की बंद."

सात दिवस काढा झाला. मी सातही पुड्या परत समान वाटून बांधल्या, रोज एक बोर. मातीच्या गाडग्यात तीन वाट्यांची एक वाटी होईपर्यंत घरभर असा वास सुटायचा की आकडसासू रोज तेच म्हणायची, "देवळीचाच वास हाय." बायको डोळे मिटून पिऊन टाकायची आणि माझ्याकडे बघायची. मी गंभीर तोंड केलं की हसायची. दुखायचं; तरी हसायची.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून चटका कमी झाला. सातव्या दिवशी तिनं जुना सैल ब्लाऊज तासभर घालून पाहिला. हा गुण काढ्याचा की गोळ्यांचा, की नस आपली आपण शांत झाली, हे मला सांगता येणार नाही. तिन्हींना किती किती श्रेय द्यायचं, याचा हिशेब मी एकदा मांडायला घेतला होता. बायकोनं कागद काढून घेतला.

साक्षगंधाचा ब्लाऊज टेलरबाईंनी आधीच शिवून ठेवला होता, पण बायकोच्या सांगण्यावरून पोत्यासारखा सैल, अंगाला कुठंच न लागणारा. आदल्या दिवशी तिनं तो घातला, आरशात पाहिला आणि टेलरबाईंना घरीच बोलावून घेतलं. "हे काय झुलते हाय? कर घट्ट. अजून. भिऊ नको, मी सांगतो तुले." मुलगी पुण्याहून येऊन दारात उभी राहिली तेव्हा तिची आई हात वर करून उभी होती आणि टेलरबाई तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरत होत्या.

दुसऱ्या दिवशी बायको साडी-ब्लाऊजमध्ये विहीणबाईंच्या शेजारी बसली. ओटी भरली. मध्येच विहीणबाईंनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी अशा हसल्या की भटजी मंत्र सोडून त्यांच्याकडे पाहायला लागले. बायकोचा हात एकदा बरगडीकडे गेला, मग खाली आला. मी पाहत होतो.

जेवणं आटोपल्यावर हॉलचे आणि जेवणाचे पैसे चुकते केले. टेलरबाईही जेवायला आल्या होत्या. फिटिंगचे त्या साठ रुपये म्हणाल्या. बायकोनं माझ्या खिशातून शंभराची नोट काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. सुटे परत घेतले नाहीत.