बारा स्पिंडल

साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत दर्शना हिवराळे एकवीस वर्षं एकच काम करत होती : मोजणं. तिचे वडील खंडू बुलढाण्याहून येऊन बांधकामावर राबले. त्यांनी पोरीला आयटीआयला घातलं तेव्हा वस्तीतले लोक हसले होते. आता शिवदास तोरसकरांच्या गाळ्यातून तिच्या सहीशिवाय एक पीस बाहेर पडत नसे.

गाळ्यात लष्करासाठी सुटे भाग बनत. शत्रूचं क्षेपणास्त्र हवेतच पाडणाऱ्या यंत्रणेचे लाँचर जुने झाले होते, आणि त्यांच्या दुरुस्तीचा निधी दोन वर्षं अडकला होता. "नवीन घ्यायचं तर लगेच मंजुरी, जुन्याचा नट हवा तर फाईल फिरतेय," शिवदास म्हणत. दोन लेथ झाकून ठेवले होते, तीन कारागीर सोडून गेले होते. मग सीमेवर वातावरण तापलं आणि आठवड्याभरात निधी सुटला. तेलाच्या दाबाने लाँचर वर उचलणाऱ्या व्हॉल्व्हचे बारा स्पिंडल, म्हणजे आत घट्ट बसून सरकणारे दांडे, हवे होते, तेही दहा दिवसांत.

गुरुवारी टेम्पो दारात हॉर्न मारत असताना दर्शनाने शेवटचे पाच मोजले आणि सही केली. खोका गेला.

शनिवारी हात मोकळे झाल्यावर तिने जाडी मोजायचा मायक्रोमीटर प्रमाण ठोकळ्याला, म्हणजे पक्क्या ठाऊक मापाच्या पोलादी तुकड्याला, लावून तपासला. आकडा पंधरा मायक्रॉन जास्त. पुसून लावला, तरी तेच. फरक केसाच्या पाचव्या हिश्शाएवढा. पण ड्रॉइंगमध्ये सूट होती फक्त पाचाची. म्हणजे मापात बसलेला स्पिंडल प्रत्यक्षात बारीक होता. बारीक स्पिंडलच्या कडेने तेल गळणार, आणि ऐन वेळी लाँचर उठणारच नाही.

मायक्रोमीटर रोज सकाळी तपासायचा, हा तिचाच नियम. सोमवारनंतर तिने तो घाईत मोडला होता.

घाटकोपरला घरी आली तरी ताट तसंच राहिलं. टीव्हीवर सीमेच्याच बातम्या. नवरा प्रबुद्ध म्हणाला, "अगं, तिकडे पण तपासतात ना? तुझं नाव कशाला घालतेस मध्ये?"

"तपासत असतील. आणि नसले तर?"

"ऑर्डर गेली तर गाळाच बंद होईल. विचार कर."

ती विचारच करत होती. गाळ्यात अजून पाच जण होते. त्यातल्या सहदेवची मुलगी यंदा बारावीला. सांगायचं नाही असं तिने दोनदा ठरवलं. रविवारी सकाळी मात्र मुलुंडला शिवदासांच्या दारात उभी राहिली.

बाहेर निघालेले शिवदास ऐकून चप्पल न काढताच खाली बसले. घाबरले की ते मालवणीवर येत. "काय सांगतंस? खराच?"

"चूक माझी आहे, दादा. बाराही परत मागवा."

"दोन वर्षांनी दार उघडला, आणि तू..." मग त्यांनी लष्कराच्या डेपोतल्या अधिकाऱ्याला फोन लावला. पलीकडचं ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला.

"चार बसवलेत," फोन ठेवून ते म्हणाले. "एक लाँचर पुढे रवाना झालाय."

त्यानंतरचे सहा दिवस दर्शनाने कसे काढले ते तिलाच ठाऊक. फोन वाजला की ती हातातलं काम सोडून उठे. बातम्या बघवत नव्हत्या आणि बंदही करवत नव्हत्या. शिवदास कामापुरतंच बोलत.

शनिवारी निरोप आला. आधीचे सात पीस ठीक होते. गुरुवारी मोजलेले पाचही बारीक, आणि त्यातला नऊ नंबरचा पुढे गेलेल्या लाँचरमध्ये निघाला. लाँचर वाटेतच थांबवून तो काढला होता. चार दिवसांत नवे पाच हवे होते.

झाकलेले लेथ उघडले. सहदेवने दोन पाळ्या केल्या. दर्शना प्रत्येक पीसआधी ठोकळा लावत होती. मोजून झालं की पुन्हा एकदा मोजत होती. पाच स्पिंडल वेळेत पोचले आणि बसले. पुढची ऑर्डर मात्र चौकशी होईपर्यंत रोखली गेली. ती तीन महिन्यांनी आली, तीही निम्मीच. गाळा टिकला, एवढंच.

चौकशीचा फॉर्म आला तेव्हा 'दोष कोणाचा' या रकान्यात शिवदासांनी 'उपकरणाचा' असं लिहिलं होतं. दर्शनाने ते खोडलं आणि स्वतःचं नाव लिहिलं. शिवदासांनी बघितलं आणि खाली आपलीही सही केली.