पावतीवरचं दुकान

"चार दिवस जाऊन येतो, वावरावर ध्यान ठेवा," असं मामाजींनी अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं. दारात छोटा हत्ती टेम्पो उभा, त्यात आमचा सगळा संसार: पलंग, गव्हाची कोठी, माझी शिलाई मशीन, स्वराची तीनचाकी. आणि माझे सासरे एकेकाला हात जोडून सांगतात, चार दिवस जाऊन येतो. तुम्ही गल्लीतल्या साऱ्या जणी तोंडाला पदर लावून हसत होतात, ते मी गाडीतून पाहिलं. मलाही हसू आलंच. अकोल्यात घर विकत घेऊन कोणी चार दिवसांसाठी जातं का बाई?

गाडी सुरू झाली तर मामाजींनी हात करून थांबवली. आत गेले आणि फुलं तोलायचा तराजू घेऊन आले. पितळेची पारडी, काळपटलेल्या साखळ्या, वजनांची पिशवी. हे म्हणाले, "बाबा, तराजू काहून घेता? तिथं कोणाले तोलून देणार हाव तुमी?" मामाजी म्हणाले, "माणूस जाते तिथं त्याचा तराजू जाते," आणि मांडीवर घेऊन बसले. दर्यापूर मागे पडेपर्यंत ती वजनांची पिशवी माझ्या पायावर होती. रस्त्यात झेंडूचं वावर दिसलं की मामाजी मान हलवायचे. "पाणी कमी पडलं याले."

आम्ही गाव काहून सोडलं हे तुम्ही मागून पुष्कळ बोललात, मला कळतं ते. ह्यांना अकोल्याच्या दालमिलमध्ये काम लागलं, हे खरंच. मामीजी गेल्यावर मामाजी एकटे पडले, हेही खरं. पण मी पाय उचलला तो स्वराच्या शाळेसाठी. अकोल्यातच जठारपेठेत दिलेली माझी मोठी बहीण, ताई, तिनं फोनवर सांगितलं होतं, "आरटीईत नंबर लागला तं मोठ्या शाळेत फुकट शिकते पोरगी. पण घर शाळेजवळ पाहिजे." झालं. आमच्या हिश्श्याचं वावर मोठ्या भासऱ्यांनी, ह्यांच्या थोरल्या भावानं, घेतलं आणि त्या पैशात शहराच्या कडेला, बायपासपलीकडच्या लेआउटमध्ये, दोन खोल्या आणि एक ओटा आला. गच्चीवर गेलं की शाळेचं मैदान दिसतं. घर पाहायला आलो तेव्हा मी मोरी पाहिली नाही, नळ सोडून पाहिला नाही. गच्चीवर गेले, मैदान पाहिलं आणि ह्यांना म्हटलं, हेच घ्या.

इथं आल्यावर घर लावलं, पण नावं काही लावली नाहीत. राशन कार्ड गावातच, आधारवर पत्ता गावचाच, मतदान गावातच. लाइट बिल अजून जुन्या मालकाच्या नावानं येतं. मी दोन-तीनदा विषय काढला तर मामाजी उखडायचे. "गावातून नाव उठलं म्हणजे माणूस उठला. राहू दे तिथं." आपल्याकडं मोठ्या माणसापुढं कोण बोलतं? ह्यांनी मान खाली घातली, मी घातली, आणि नावं राहिली तिथंच. शेजारी कोणी विचारलं, आजोबा कुठले, की मामाजी म्हणायचे, "आमी चांदूर बाजारकडचे. इथं आलो हाव चार दिवस." दोन दिवाळ्या झाल्या तरी चार दिवस काही संपले नाहीत.

ओट्याच्या छताला एक कडी होती, पाळण्याची असेल. तिला त्यांनी तराजू टांगला. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत झेंडू लावला, शेवंती लावली. सकाळी फुलं तोडायची, तोलायची, आणि आजूबाजूच्या बायकांना देवासाठी वाटून टाकायची. पैसा कोणाकडून घेतला नाही. पण तोलल्याशिवाय फूल हातात दिलं नाही. "अर्धा पाव झाली बरं," असं सांगून द्यायचे.

गावात घरपट्टी म्हणजे काय होतं आठवा. ग्रामपंचायतीचा शिपाई यायचा, ओसरीत चहा प्यायचा, भिंतीला वही टेकवून पावती फाडायचा आणि जाता जाता वांगी घेऊन जायचा. इथं आमचा लेआउट शहराच्या हद्दीत गेला आणि एक दिवस मापं घ्यायला महापालिकेचा माणूस आला, हातात छोटी मशीन घेऊन. भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि मशीन लांबी सांगते म्हणे. मी घरी नव्हते, स्वराला घेऊन ताईकडं गेले होते. आल्यावर बघते तर मामाजी ओट्यावर खुशीत.

"बाई, आज म्या एक काम केलं. त्या मापवाल्यानं इचारलं, बाबा, हे तराजू टांगलं, फुलं दिसतात, काय हाय हे? म्या म्हटलं, दुकान हाय."

"दुकान? मामाजी, दुकान काहून सांगतलं?"

"तुले समजत नाही. समोर पाह्य."

समोर, जिथं कपाशी होती तिथं, मॉल बांधून राहिले आहेत. पत्र्याचं कुंपण, क्रेन, इंग्रजी पाटी. चौकातल्या पानठेल्यावर रोज नवी आवई उठते. कोणी म्हणतं, रस्ता रुंद होणार, ओटे जाणार. कोणी म्हणतं, ज्याचं दुकान कागदावर असेल त्याला आत गाळा भेटणार. मामाजींनी दुसरं ऐकलं आणि धरून बसले. काचेच्या दारापाशी आपला फुलांचा गाळा, वर तराजू टांगलेला, एवढं सगळं त्यांनी मनात बांधूनही टाकलं होतं. माझी माय म्हणायची, सरकारी माणसाले पाणी द्यावं, माहिती देऊ नये. मामाजींनी दोन्ही दिलं, आणि खाली सहीही दिली.

घरपट्टीची पावती आली तेव्हा आम्ही खुळ्यांनी फक्त नाव वाचलं. ह्यांचं नाव, अकोल्याचा पत्ता, छापील! ह्यांनी ती देवापाशी ठेवली. मी हळदीकुंकू वाहिलं.

आणि मग स्वराचा नंबर लागला. लॉटरीत, पहिल्याच यादीत, त्याच गच्चीवरून दिसणाऱ्या शाळेत. मी नाचायची तेवढी बाकी होते. कागद तपासून घ्यायला गेलो तेव्हा टेबलाशी एक बाई होत्या, शांत, चष्म्याच्या. अकोल्यात राहतो हे दाखवायला आमच्याजवळ तेवढी एकच पावती. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली आणि बोट ठेवलं. "ताई, इथं वापर लिहिलाय: दुकान. हा दुकानाचा पत्ता झाला. राहण्याचा पुरावा कुठे आहे?"

मी सांगत सुटले, मॅडम, दुकान नाही, आमचे मामाजी फुलं तोलतात, विकत नाहीत, वाटतात. त्या बाईंनी काय समजायचं त्यातून? मागं रांग उभी. त्या म्हणाल्या, "दुरुस्त करून आणा. आठ दिवस आहेत. नाहीतर पुढच्या यादीतल्या मुलाला जागा जाईल." अर्जाच्या खाली बारीक अक्षरात होतं, खोटी माहिती दिल्यास प्रवेश रद्द, कारवाई. ती ओळ मी शंभर वेळा वाचली असेल. कारवाई म्हणजे काय? ह्यांची मिल सुटेल का? मामाजींना बोलावतील का? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्या मागं त्या दिवसापासून लागला.

घरपट्टीच्या झोन ऑफिसात गेले. क्लार्कनं कागद काढून दाखवला. "दुकान आमी नाही लिवलं ताई, तुमच्याच माणसानं सांगतलं. सही पाहा." मोठ्या मोठ्या अक्षरात मामाजींची सही. "अर्ज द्या, माणूस पाहायला येईल." कधी येईल? "येईल."

बायांनो, ते सहा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. मोटारसायकल थांबली की मी दारात. मी आंघोळीला जायला घाबरत होते, तेवढ्यात तो येऊन गेला तर? आला आणि दुकान आहेच म्हणाला तर? ताईला रोज फोन. ती म्हणायची, "घाबरू नको वं, होते." पण तिचाही आवाज बसलेला. स्वरा मात्र शेजारच्या पोरींना सांगत फिरत होती की तिला टाय भेटणार.

तिसऱ्या दिवशी माझा तोल गेला. मामाजी फुलं तोलत होते आणि मी ओट्यावर उभी राहून बोलले, जे सून कधी बोलत नाही ते. "तुमच्या एका शब्दानं पोरीची शाळा हातची चालली, मामाजी. काय गरज होती? काढा तो तराजू." त्यांनी पारड्यातली फुलं टोपलीत ओतली. "तूच काढून टाक, बाई," एवढंच म्हणाले. त्या दिवशी जेवले नाहीत. मी स्टूल घेतलं, वर चढले, कडीला हात लावला आणि खाली उतरले. माझ्यानं होईना. मला त्यांची भीती नव्हती वाटत. मला वाटलं, मी हा काढला तर हा म्हातारा इथं कोण म्हणून बसेल?

सहाव्या दिवशी दुपारी माणूस आला. तोच मशीनवाला. मी पाणी दिलं. त्यानं खोल्या पाहिल्या: पलंग, चूल, दप्तर, दोरीवरचे कपडे. मग ओट्यावर आला आणि वर पाहिलं. तराजू तसाच टांगलेला.

"हे काय? दुकान नाही म्हणता आणि तराजू?"

मामाजी उठले. सत्तरीचा माणूस, स्टुलावर चढले, कडीतून तराजू काढला. खाली बसून एक पारडं दुसऱ्यात ठेवलं, साखळ्या गुंडाळल्या, वजनांची पिशवी वर ठेवली. मग त्या माणसाकडं पाहून बोलले.

"म्या खोटं सांगतलं होतं साहेब. हा माह्या गावचा हाय. तिथं मी फुलं इकत होतो. इथं नाही इकत."

"मग इथं काय करता, आजोबा?"

मामाजींनी रिकाम्या कडीकडं पाहिलं. मग म्हणाले, "काही नाही करत. मी इथं राह्यतो."

दोन वर्षांत पहिल्यांदा. मी पदर तोंडात कोंबला. त्या माणसानं दोन ठिकाणी खूण केली आणि गेला. आठव्या दिवशी संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आधी आम्ही नवा कागद घेऊन त्या चष्म्याच्या बाईंसमोर उभे होतो. वापर: निवासी. स्वराला शाळा भेटली, टायही भेटला.

भीती गेली असं समजू नका. मॉलच्या काचा बसल्या आहेत, सकाळचं ऊन त्यावरून परतून थेट आमच्या देवघरात येतं. घरपट्टी पुढं वाढणार म्हणतात. शेजारच्यानं घर विकलं, तिथं बुटांचं शोरूम येणार. ओटा जाईल का राहील, कोणी सांगत नाही. गावातल्या घराची मी एक दिवस काळजी केली नाही, ते आपलं होतंच. या दोन खोल्यांसाठी मी रोज धास्तावते. घर कोणतं, असं आता कोणी विचारलं तर जे जाईल म्हणून छातीत धडधडतं, ते सांगेन.

तराजू पलंगाखाली आहे. मामाजी फुलं अजून वाटतात, पण ओंजळीनं. मागच्या आठवड्यात स्वतःहूनच म्हणाले, "नावं उठवून आणू गावातून. साऱ्यायची. माहंही." म्हणून आम्ही येतो आहोत, राशन कार्डाच्या कामाला. मामाजी भेटले की हसू नका.

काल त्यांनी पिशवी भरली, चपला घातल्या आणि शेजारणीच्या दाराशी जाऊन हात जोडले. मी इकडं दारात उभी होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

"चार दिवस गावाले जाऊन येतो. घरावर ध्यान ठेवा."