फोटोत कोंडलेली शाळा

रचना महिपत ठोंबरे हिला कोणी "बाई, जाऊ द्या आता" म्हटलं, की समजावं, ती काही जाऊ देत नाही. सासरी आली तेव्हापासून हे असंच. नवरा नागोठण्याकडे कंपनीत शिफ्टला जातो. तो हसून म्हणतो, हिला थांब म्हणायचं नाही, म्हणजे कधीतरी थांबेल.

पालीपासून चौदा किलोमीटर आत कुंभेवाडी. तिथे एका शिक्षण संस्थेच्या चौथीपर्यंतच्या शाळेत ती एकोणीस वर्षं शिकवते. मुख्याध्यापिका तीच, कारकून तीच. मदतीला एक इंदूबाई. दुपारचं जेवण शिजवतात, आणि बाई गावाला गेल्या तर पाढेही म्हणवून घेतात. दर संकष्टीला रचना बल्लाळेश्वराला जाऊन येते. देवाकडे मागायचं नाही, त्याला सांगायचं, एवढंच तिचं म्हणणं.

यंदा एप्रिलच्या सुरुवातीला संस्थेचे अध्यक्ष दिनानाथराव शाळेत आले. चहा झाला. कपबशी खाली ठेवता ठेवता त्यांनी सांगितलं, की गेल्या वर्षी पहिलीला चारच पोरं होती. यंदा शाळा उघडेल त्या दिवशी दहा नसतील, तर कुंभेवाडीची शाळा बंद. मुलं संस्थेच्या पालीच्या इंग्रजी शाळेत जातील.

सहा वर्षांचं पोर रोज अठ्ठावीस किलोमीटर कसं जाणार, हे रचनाने विचारलं. बस लावू, असं उत्तर आलं. कोणाच्या पैशाने, ते आलं नाही.

त्याच महिन्यात शिवानी शाळेच्या दारात उभी राहिली. जालन्याकडची बाई. नवरा जवळच्या कारखान्यात लागला म्हणून तीन किलोमीटरवर खोली घेऊन राहिलेली. गिरणीवर दळण टाकायला आली, तर प्रार्थना कानावर पडली, म्हणून डोकावली. तिने खरंच आश्चर्याने विचारलं, "इथं शाळा आहे होय? मी फोनवर किती शोधलं. सगळ्या पालीच्याच दाखवतो."

रचनाला ते लागलं. कारण शाळेची वेबसाइट होती! दोन वर्षांपूर्वी रौप्यमहोत्सवात मंडप घालून, नारळ फोडून तिचं उद्घाटन झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पालीला मोरूच्या दुकानात गेली. मोरू फ्लेक्स छापतो. वाढदिवस, निवड, दुःखद निधन, सगळं त्याच्याकडे. वेबसाइटही त्यानेच केली होती, आणि केली होती ती फ्लेक्ससारखीच. एक मोठं चित्र. वर अध्यक्ष, त्यांच्याखाली हुद्द्याप्रमाणे उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार, मग सदस्य छोट्या गोलांत. सगळ्यात खाली सोनेरी अक्षरांत शाळेचं नाव, तेही चित्रातच.

"बाई, खरं सांगू का?" मोरू मान खाजवत म्हणाला. "गूगल अक्षरं वाचतं, फोटो वाचत न्हाय. तुमची अख्खी शाळा फोटोत हाय."

"आणि गावाचं नाव?"

"ते टाकलंच न्हाय. कुंभेवाडी कुठं हाय ते सगळ्यांनाच ठाव हाय की."

सगळ्यांना, म्हणजे कुंभेवाडीला. रचना कपाळावर हात मारून घेणार होती, पण तिने तो टेबलावर ठेवला आणि साइट बदलायला सांगितलं. मोरू चाचरला. अध्यक्षांचा फोटो काढला तर त्यांच्या ऑर्डरी बंद होतील. तिने तिथूनच दिनानाथरावांना फोन लावला. ते म्हणाले, फोटो जिथल्या तिथे राहतील, ती संस्थेची शिस्त आहे, आणि बाईंनी शिकवण्याकडे लक्ष द्यावं.

आता गंमत अशी, की साइट नोंदवताना नको ते फोन येतील म्हणून दिनानाथरावांनी स्वतःचा नंबर न देता बाईंचा दिला होता. पासवर्ड बदलायचा तर ओटीपी तिच्याच फोनवर यायचा. मोरूने एवढं सांगितलं आणि पुढे आपण काही बघितलं नाही म्हणाला.

सुट्टी लागली. गावात रेंज येते ती पाण्याच्या टाकीजवळ, तिथे रचना नवा पासवर्ड घालून रोज सकाळी फोनवर साइट बदलत बसायची. त्याआधी तिने एक केलं होतं. गिरणीवर, रेशनच्या रांगेत, आठवडी बाजारात उभं राहून आया शाळेबद्दल काय विचारतात ते वहीत टिपलं. एसटी दारात थांबते का? बाई मारतात का? मुलींच्या संडासाला पाणी आहे का? जेवणात काय असतं? घरी मराठी बोलत नाहीत अशी पोरं घेता का?

तेच प्रश्न तिने साइटवर मथळे म्हणून घातले आणि खाली साध्या भाषेत उत्तरं लिहिली. फोनवर लोक मराठीही इंग्रजी अक्षरांत लिहितात, म्हणून तसंही लिहिलं. शाळेच्या अंगणात उभं राहून नकाशावर खूण टाकली. संस्थेचे फोटो "संस्थेविषयी" अशा वेगळ्या पानावर गेले. पहिल्या पानावर फोटो आला तो इंदूबाईंचा, डाळीत डाव घातलेला. इंदूबाई लाजून म्हणाल्या, निदान लुगडं तरी बदलू द्यायचं होतंत.

जुन्या विद्यार्थ्यांना तिने फोन केले. कोणी उरणला ट्रेलर चालवतो, कोणी दिघीला बोटीवर. शाळेबद्दल दोन ओळी लिहा, पण खऱ्या लिहा, एवढंच सांगितलं. एकाने लिहिलं, बाईंनी मला दोनदा तिसरीत बसवलं, बरं केलं. तिने ते तसंच राहू दिलं.

मे संपता संपता फोन यायला लागले. कारखान्याच्या खोल्यांतून, वीटभट्टीवरून, एक तर पलीकडच्या बौद्धवाडीतून. सात वर्षं तिथली मुलं दुसरीकडे जात होती, कारण कुंभेवाडीत जागा नसते असं कोणीतरी त्यांना सांगून ठेवलं होतं.

शाळा उघडली त्या दिवशी पहिलीला नऊ मुलं होती. दहा नव्हती.

दिनानाथराव आले ते फोन हातात धरूनच. आधी विषय निघाला तो शाळेचा नव्हे, फोटोचा. स्वयंपाकीणबाई वर आणि अध्यक्ष आतल्या पानावर, हा संस्थेचा अपमान आहे, असं ते पडवीत उभं राहून म्हणाले. नऊ मुलांच्या आया तिथेच होत्या.

"साहेब, दोन वर्षं तुम्ही वर होता," रचना म्हणाली. "त्या फोटोने एक पोर आलं असेल, तर नाव सांगा. आत्ता वर घेते."

दिनानाथरावांनी फोन खिशात घातला. मग म्हणाले, नऊ म्हणजे दहा नव्हे. ठरलं ते ठरलं.

"ठरवलं तुम्ही. मी हो म्हटलं नव्हतं. शाळा बंद असं या आयांना तुमच्या तोंडाने सांगा. माझा तास सुरू झालाय."

आणि ती वर्गात गेली. बाहेर शिवानीने मुलीचं दप्तर खांद्यावरून उतरवलं, तिच्या हातात दिलं आणि तिला आत पाठवलं. मग बाकीच्या आठ जणींनीही. पडवीत दिनानाथराव आणि आया उरल्या. आतून मुळाक्षरं ऐकू येत होती. आया काही हलेनात, आणि शाळा बंद हे त्यांना तोंडाने सांगणं दिनानाथरावांना काही जमलं नाही. थोड्या वेळाने गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

आठ दिवसांनी संस्थेचं पत्र आलं. शाळा तूर्तास चालू राहील, पुढचा विचार पुढील वर्षी होईल, आणि वेबसाइटचे सर्व अधिकार कार्यालयाकडे सुपूर्द करावेत.

रचनाने उत्तर लिहिलं. पहिल्या दोन बाबी वाचल्या. तिसरी जमणार नाही. पुढील विचार ज्या सभेत होईल तिची तारीख कळवावी. मी येणार आहे, आणि पालकही येतील.